मागच्या फाटकाच्या इंदूताई

बक्षी सरांचा उजवा गुडघा कधीही दुखत नव्हता, ही गोष्ट दीक्षितपुऱ्यातील आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त इंदूताई परचुरे यांना. निदान आम्ही तरी तसे समजत होतो.

इंदूताई आमच्या विद्यापीठात भूगोल शिकवत. मी त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो. वाचकांना शांत राहण्यास सांगणे हा माझ्या कामाचा भाग आहे; परंतु तेही मला कधी तोंडाने सांगता आले नाही, भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून मी वेळ निभावून नेत आलो. अशा माणसाने निवृत्तीच्या उंबरठ्यावर लेखणी हाती घ्यावी, आणि तीही जबलपूरमधील सर्वांत मोठा आवाज असलेल्या व्यक्तीबद्दल लिहिण्यासाठी, हे थोडे विसंगतच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

इंदूताईंचा आवाज वडिलांकडून आला होता, पण सरळ मार्गाने नव्हे. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात यंत्रांवर काम करत. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून घरातील सगळीच माणसे वरच्या पट्टीत बोलत. वडील गेले, पट्टी तशीच राहिली. ताई एखाद्याच्या कानात काही सांगत, तेव्हा ते तीन घरे सोडून राहणाऱ्यालाही कळत असे. बांधा ठेंगणा आणि रुंद, सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात बारा महिने काळी छत्री. ती छत्री मी उन्हात उघडलेली पाहिली नाही आणि पावसातही क्वचितच. ती रस्ता दाखवण्यासाठी होती.

दीक्षितपुऱ्यात विद्यापीठातील माणसे पुष्कळ. काही आमच्यासारखी, ज्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले, काही इथलीच. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाकडे स्कूटर किंवा मोटार होती, आणि इंदूताईंच्या मते त्यांतील एकीचीही गरज नव्हती. कारण विद्यापीठाच्या मागच्या भिंतीत एक लहानसे लोखंडी फाटक होते. आमच्या गल्लीतून निघाले, दोन बोळ ओलांडले आणि जुन्या विहिरीला वळसा घातला की आपण थेट वनस्पतिशास्त्राच्या बागेत. गाडीने जायचे तर मात्र मोठ्या रस्त्याने, ट्रकांच्या मागे मागे, लांबचा फेरा घालून पुढच्या दाराशी पोहोचावे लागे. फाटक इतके अरुंद होते की एका वेळी एकच माणूस, तोही तिरका होऊन, आत शिरू शकेल. त्या फाटकाला सर्वांत न मानवणारी देहयष्टी इंदूताईंचीच होती. पण त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

सकाळी ताई घरातून निघत आणि प्रत्येक खिडकीखाली थांबून हाक देत, "काहून हो, निघता ना?"

एवढेच. धुराचे, हवेचे, येणाऱ्या पिढ्यांचे भाषण नाही. तसली भाषणे करण्यासाठी विद्यापीठाने एक हरित समिती नेमली होती. इंदूताई तिच्या सदस्य होत्या. पहिल्याच बैठकीला त्या उशिरा आल्या. अध्यक्षांनी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "बाहर सबकी गाड़ियाँ खड़ी हैं सर, अंदर आने की जगह ढूँढ रही थी।" त्यानंतर समितीच्या बैठका फारशा झाल्या नाहीत.

मोटारीत एकटाच बसलेला माणूस दिसला की ताई छत्रीने काच वाजवून विचारत, "एवढी मोठी खोली घेऊन कुठं चाललात एकटेच?" विचारण्यात राग नसे. खरोखरच कुठे चालला आहे, हे जाणून घ्यायचे आहे, असा चेहरा.

मी त्यांच्याबरोबर चालू लागलो, त्यामागे कोणतेही तत्त्व नव्हते. पहिल्या दिवशी माझ्या खिडकीखाली हाक आली आणि मला वेळेवर सबब सुचली नाही. दुसऱ्या दिवशीही सुचली नाही. पुढे सवय झाली.

सबबी सुचणाऱ्यांची संख्या अर्थातच मोठी होती. आणि इथेच इंदूताईंची खरी रीत सुरू होई. त्या कोणतीही सबब नाकारत नसत. सबब ऐकली की तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवत आणि दुसऱ्या दिवशी तिचा उपाय घेऊन येत. "एवढंसं चालायचं टाळायला कोणी खोटं बोलेल काय, सहस्रबुद्धे?" असे त्या मला निरागसपणे विचारत. मी जमिनीकडे पाहत असे.

वाणिज्य विभागाच्या बक्षी सरांनी वरच्या खिडकीतून एकदा सांगितले, "ताई, गुडघा दुखून राहिला, नाही तर आलोच असतो." दुसऱ्या दिवशी ताई जिना चढून गेल्या. हातात घरी कढवलेल्या निर्गुडीच्या तेलाची बाटली, बाटलीच्या तोंडाला फडके आणि फडक्यावर लाल दोऱ्याची गाठ. "रोज रात्री लावा," म्हणाल्या. त्या दिवसापासून बक्षींचे आयुष्य बदलले. विद्वत्सभेत, लग्नात, परीक्षा सुरू असलेल्या सभागृहात, कुठेही इंदूताई दिसल्या की त्या आवाजात प्रश्न येई, "बक्षी, गुडघा कसा आहे?" आणि बक्षींना चार पावले लंगडून दाखवावे लागे. एकदा गडबडीत ते डाव्या पायाने लंगडले. ताईंचा चेहरा काळजीने भरून आला. "अरे देवा, आता डावाही काय? तेल दोन्हींना लावा हो!"

बक्षींची मोटार गल्लीत शिरत नसे. ती त्यांनी गल्लीच्या तोंडच्या कमानीपलीकडे, एका ओळखीच्या माणसाच्या आवारात ठेवली होती, आणि तिथवर ते रोज चालत जात. उलट्या दिशेने. त्यांच्या घरापासून मोटारीचे अंतर आणि मागच्या फाटकाचे अंतर यांत फार फरक नव्हता, हे इंदूताईंसारख्या भूगोलाच्या प्राध्यापिकेच्या लक्षात आले नसेल, असे म्हणणे कठीण आहे. पण त्या एवढेच म्हणत, "गाडीपर्यंत चालताना त्रास होत असेल नाही तुम्हाला?"

रसायनशास्त्राचे तिवारीजी गल्लीच्या टोकाला राहत. त्यांनी अधिक शास्त्रीय मार्ग निवडला. "दीदी, सोमवार और शनिवार को पूरब में दिशाशूल रहता है। पैदल तो बिल्कुल मना है।" विद्यापीठ आमच्या पूर्वेला, म्हणजे त्या दिवशी तिकडे जाणे अशुभ. स्कूटरवरून गेल्यास दिशाशूल कसे टळते, हे तिवारीजींनी सांगितले नाही आणि ताईंनी विचारले नाही. त्यांनी कोणा जाणत्या बाईंना विचारून उतारा शोधला. सोमवारी निघताना आरशात पाहावे, शनिवारी आल्याचा तुकडा खावा. पुढच्या सोमवारी हाक आली, "तिवारीजी, आईना लाई हूँ!" रसायनशास्त्राचे प्राध्यापक भर गल्लीत, ताईंच्या पर्समधील टिकली लावण्याच्या आरशात स्वतःला न्याहाळू लागले. एरवी केस न विंचरताच व्याख्यानाला जाणारे तिवारीजी सोमवारी तरी नीटनेटके दिसू लागले. मंगळवार ते शुक्रवार या दिवसांसाठी त्यांना नवी सबब सापडली नाही.

विद्यार्थ्यांशी त्या थोडे अधिक कडकपणे वागत, म्हणजे त्यांच्या गाडीवर बसत. आमच्या गल्लीत मझौली गावचा अंकित भाड्याच्या खोलीत राहत असे. घरात मोटारसायकल घेणारा तो पहिलाच, त्यामुळे तिच्यावरून उतरणे त्याच्या जिवावर येई. ताईंनी एका सकाळी त्याला थांबवले. "बेटा, हमें भी ले चलो आज।" अंकितला धन्य वाटले. ताई म्हणाल्या, "हेलमेट?" तो वर धावला. हेल्मेट मिळाले तेव्हा पेट्रोल संपलेले. पेट्रोल भरले तेव्हा मोठ्या रस्त्यावर ट्रक अडकलेला. ताई मागे एका बाजूला पाय सोडून, छत्री भाल्यासारखी धरून बसलेल्या आणि "धीरे बेटा, धीरे" चालू. दोघे पोहोचले, तेव्हा अंकितचा खोलीतला मित्र मागच्या फाटकाने पायी येऊन, चहा पिऊन कप परत करत होता. ताई उतरल्या आणि मनापासून म्हणाल्या, "गाड़ी तो बहुत तेज है तुम्हारी। बस, रास्ता लंबा पकड़ती है।" त्या मित्राने ही गोष्ट वर्गभर केली. आठवड्याभरात अंकित आमच्यामागून चालताना दिसू लागला; किल्ली मात्र बोटात फिरवत असे, आपल्याकडे गाडी आहे हे दिसावे म्हणून.

असे सर्व ठीक चालले असताना मागचे फाटक बंद करण्याचे ठरले.

बागेच्या कडेला मोटारींसाठी नवीन वाहनतळ व्हायचा होता आणि त्यासाठी मागची भिंत सलग बांधायची होती. फाटक गेले की पायी येणाऱ्यांना त्याच ट्रकांच्या रस्त्याने वळसा घालावा लागणार. तिथे कडेला चालायला जागा नाही. तेवढे कोणी चालणार नव्हते, आम्हीही नाही. इंदूताईंनी इतक्या वर्षांत गोळा केलेली पाच-सहा माणसांची रांग एका भिंतीने संपणार होती.

ताई कुलसचिवांकडे गेल्या. साक्षीला मला नेले. साक्षीदार म्हणून माझा उपयोग खुर्ची भरण्यापुरता होता. कुलसचिव सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "मैडम, उस गेट से आता कौन है?"

"हम आते हैं।"

"हम यानी?"

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. कुलसचिवांना ती मान पुरेशी वाटली नसावी. ते म्हणाले, "चलिए, सोमवार को मैं खुद सुबह वहाँ खड़ा रहूँगा। रास्ता चलता दिखा तो रहेगा, नहीं तो दीवार बन जाएगी।"

परत येताना मी धीर करून सुचवले, "ताई, सगळ्यांना आधी सांगून ठेवू या का? एक दिवस तरी यावं म्हणून?"

ताई एकदम थांबल्या. "काहून? एक दिवस गर्दी जमवायची आणि मंगळवारी पुन्हा सामसूम? मग भिंत बांधली तर त्यांची चूक कशी? जे रोज येतात तेच दिसतील. मी रोजच्यासारखी हाक मारीन, बस." हे त्या अर्थातच त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, त्यामुळे संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळले. पण कळणे निराळे आणि निघणे निराळे. बक्षी त्या संध्याकाळी गल्लीत भेटले तेव्हा एरवीपेक्षा जास्त लंगडत होते.

सोमवार उजाडला तो जानेवारीतल्या दाट धुक्याचा. समोरचे घर दिसेना. मी तयार होऊन हाकेची वाट पाहत बसलो. हाक येईना. शेवटी खाली उतरलो, तर ताई दारात उभ्या. गळ्याला लोकरी मफलर, डोळ्यांत पाणी. त्यांनी तोंड उघडले. त्यातून फक्त हवा आली. घसा पूर्ण बसला होता. ज्या दिवशी त्या आवाजाची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवशी तो गेला होता. आणि त्यांच्या शेजारी मदतीला उभा होता तो मी.

ताईंनी छत्रीने पुढे चलण्याची खूण केली. आम्ही बक्षींच्या खिडकीखाली जाऊन थांबलो. ताई रोजच्यासारखे वर पाहून उभ्या राहिल्या. मी हाक मारायला तोंड उघडले आणि माझ्या मते मारलीही. ताईंनी मागे वळून पाहिले नाही, त्या अर्थी ती त्यांनाही ऐकू गेली नसावी.

मग खिडकी आपोआप उघडली. बक्षी बाहेर वाकले. "काय झालं? ताई, बरं आहे ना? हाक नाही आली आज!"

पलीकडची खिडकी उघडली. तिच्या पलीकडचीही. ज्या हाकेसाठी लोक इतकी वर्षे पांघरुणात तोंड लपवत होते, ती आली नाही म्हणून सारी गल्ली गॅलरीत येऊन उभी राहिली. ताई खाली नुसत्या उभ्या. गळ्याकडे बोट दाखवले, हसल्या आणि पुन्हा वर पाहत राहिल्या.

मी जे पाहिले ते असे. बक्षींच्या ओठांवर गुडघा आलेला होता. पण त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाला सबब द्यायची कशी? ते आत गेले, आणि मफलर गुंडाळत, हातात वडिलांची काठी घेऊन जिना उतरून आले. "चला," म्हणाले, रागावल्यासारखे. त्यांच्यामागून इतरही उतरले. कोणाच्या हातात अर्धा चहा, कोणी घरातल्याच चपलांवर. अंकितने आपल्या आणि शेजारच्या खोलीतली मुले उठवून आणली. टोकाला तिवारीजी अर्धी दाढी झालेले दारात उभे. "क्या हुआ दीदी, आज आवाज नहीं आई? मगर आज तो सोमवार..." ताईंनी पर्स उघडून आरसा पुढे केला. तिवारीजींनी पाहिले, कानावरचा साबण पुसला आणि रांगेत आले.

मागच्या फाटकाशी, आतल्या बाजूला, कुलसचिवांची मोटार काचा लावून उभी होती. विद्यापीठाच्या परिसरातल्या बंगल्यातून ते तिथवर मोटारीने आले होते. धुक्यातून आधी एक छत्री बाहेर आली, मग तिरक्या झालेल्या इंदूताई, मग मी, आणि मग माणसे येतच राहिली. एकेक तिरके होत, दप्तरे सांभाळत. सर्वांत शेवटी बक्षी, काठी टेकत, अतिशय लंगडत. कुलसचिव घाईने खाली उतरले.

"अरे बक्षी जी! इतनी तकलीफ है तो गाड़ी से क्यों नहीं आए?"

बक्षी थकलेले होते, थंडीने कुडकुडत होते, आणि इतक्या वर्षांत सबब जुळवण्याची शक्तीही बहुधा संपली होती. त्यांच्या तोंडून खरे निघून गेले. "सर, मेरे घर से गाड़ी जितनी दूर है, उतने में तो यहाँ पहुँच जाता हूँ।"

धुक्यात कोणीतरी हसले. इंदूताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काळजीने बक्षींच्या गुडघ्याकडे पाहिले.

कुलसचिवांनी एकदा फाटकाकडे आणि एकदा रांगेकडे पाहिले. मग चालकाला गाडी घेऊन जायला सांगून ते आमच्याबरोबर बागेतून कार्यालयापर्यंत चालत आले. भिंत झाली, पण फाटक सोडून झाली. पुढे त्या फाटकाला हिरवा रंगही देण्यात आला. तो वाळण्यापूर्वीच इंदूताई त्यातून गेल्या आणि एक चांगली साडी कायमची खराब झाली. नंतर त्या हिरवा डाग दाखवून म्हणत, "विद्यापीठानं सत्कार केला माझा."

मंगळवारी सामसूम झाली का? काहीशी झाली. पण बक्षी आले. कुलसचिवांसमोर ते बोलून बसले होते; आता मोटारीपर्यंत जाणे त्यांना शोभले नसते. गुडघा दुखत नव्हता, हे मात्र त्यांना अजूनही सांगता येत नव्हते. म्हणून ते रोज लंगडत आमच्याबरोबर चालू लागले.

इंदूताई निवृत्त झाल्या, तरी सकाळची हाक थांबली नाही. फाटकापर्यंत त्या आम्हाला पोहोचवत आणि एकट्या परत फिरत. नंतर एका सकाळी हाक आली नाही. आम्ही त्यांच्या गॅलरीखाली जमलो. सर्वांनी माझ्याकडे पाहिले, का ते मला अजून समजलेले नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ताई, निघता ना?"

पहिल्यांदा एक भलतीच खिडकी उघडली. मग ताई गॅलरीत आल्या. "आज राहू द्या," म्हणाल्या. "गुडघा दुखून राहिला माझा. तुम्ही व्हा पुढे."

इतक्या वर्षांत त्यांनी दिलेली ही पहिलीच सबब होती. त्या मुलीकडे बडोद्याला कायमच्या राहायला जायच्या होत्या आणि तिकिटेही आलेली होती, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. त्या सकाळी आम्ही, त्यांच्याच रीतीप्रमाणे, त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी बक्षी उपाय घेऊन आले. निर्गुडीच्या तेलाची तीच बाटली, तेच फडके, आणि त्यावर ताईंनी मारलेली लाल दोऱ्याची गाठ जशीच्या तशी. "घरात हेच होतं," असे पुटपुटत ते जिना चढून गेले. खाली आले तेव्हा मी विचारले, "काय म्हणाल्या?"

"गाठ पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. म्हणाल्या, बक्षी, फार जपून वापरलंत हो."

मग ते चालू लागले. दोन्ही पायांवर, सारखे.

वळणाशी मी मागे पाहिले. इंदूताई गॅलरीच्या गजांशी उभ्या होत्या. आम्ही बोळात शिरेपर्यंत दिसावे म्हणून टाचा उंचावून, चवड्यांवर, अर्ध्या बाहेर वाकून. आणि छत्रीने पुढचा रस्ता दाखवत होत्या, जणू आम्ही तो विसरू. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला इतका वेळ असे उभे राहता येते का, हा प्रश्न माझ्या मनात आला. शेजारी बक्षी होते, त्यांना विचारता आले असते. मी विचारले नाही. ताईंनी गुडघा दुखतो असे म्हटले होते. तेव्हा तो दुखत होता.